सोस्नोव्काचे अठ्ठावीस

उस्तिन्या चौथ्या दिवशीही आली, बाकावर बसली, डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाली. मी लेखणी खाली ठेवली. म्हणालो, आजी, काल आपण नवव्या घरापर्यंत आलो होतो, आज दहाव्यापासून सांगा. तिने डोळे न उघडताच मान हलवली. गावात शिरायचं तर वेशीतूनच शिरावं लागतं, म्हणाली.

तिचं गाव सोस्नोव्का, नोवगोरोदच्या वाटेवरचं. एकूण बारा घरं. वेशीतून शिरलं की डाव्या हाताला प्रोखोर, त्याची बायको मावरा आणि मुलगा सीला. त्यानंतर मधमाश्या पाळणारा नेझदान, एकटाच. मग ती दोन बहिणींच्या घराशी यायची आणि तिथे थबकायची, कारण त्या बहिणींचं तिच्याशी भांडण होतं आणि ते कशावरून झालं हे सांगितल्याशिवाय तिला पुढे जाववत नसे. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा व्हायची, नाहीतर कुणी दार उघडून थंड वारा आत सोडायचा, नाहीतर मलाच शिंक यायची. की बाई परत वेशीपाशी. प्रोखोर, मावरा, सीला. चार दिवसांत मी ही तीन नावं सतरा वेळा ऐकली होती. झोपेतही ऐकायला लागलो होतो.

आता तीस वर्षं होऊन गेली त्याला. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो, मठात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि मठाच्या लेखनगृहाचं काम माझ्याकडे होतं. मठात मला निफोंत म्हणत. त्याआधी मी सरकारी कारकून होतो, नाव वेगळं होतं. अक्षर चांगलं असल्यामुळे सगळ्या कटकटी माझ्याच वाट्याला येत, आणि त्या वर्षी मॉस्कोहून जी कटकट आली तिच्यापुढे बाकीच्या काहीच नव्हत्या.

झार इवानचा एक हुकूम आला होता. त्याला लोक पाठीमागे ‘भयंकर’ म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. तीन वर्षांचा असताना बाप गेला आणि हे पोर गादीवर बसलं. सरदारांनी त्याचं खेळणं केलं, त्याच्या देखत माणसं ओढून नेली. तरुणपणी त्याने कझान जिंकलं तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. पहिली बायको होती तोवर तो ताळ्यावर होता म्हणतात. ती गेली, तिला कुणीतरी विष घातलं असं त्याच्या मनाने घेतलं, आणि मग राज्यात कुणाचीच धडगत राहिली नाही. त्याने काळे स्वार उभे केले. काळे कपडे, काळे घोडे, खोगिराला कुत्र्याचं मुंडकं आणि केरसुणी बांधलेली. फितुरी हुंगून काढायची आणि झाडून टाकायची, असा त्याचा अर्थ. त्यांनी सात वर्षं देश झाडला. नोवगोरोद तर असं झाडलं की नदीच्या बर्फाला भोकं पाडून त्यात माणसं लोटली. मग एके दिवशी झारनेच ते स्वार मोडीत काढले आणि जो त्यांचं नाव तोंडातून काढील त्याला चाबकाचे फटके, असं फर्मान काढलं. आणि हा हुकूम यायच्या दीड वर्ष आधी, रागाच्या भरात त्याने लोखंडी टोकाची काठी आपल्या थोरल्या मुलाच्या डोक्यात घातली. युवराज गेला. त्याचंही नाव इवानच.

मुलगा गेला तेव्हा झारला बाकीच्यांची आठवण झाली. आपल्या हुकमाने आजवर जे जे मारले गेले त्या सगळ्यांसाठी मठामठांतून प्रार्थना व्हायला हव्यात, आणि प्रार्थना व्हायच्या तर नावं हवीत. इतकी वर्षं ज्यांचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती, त्यांची नावं आता ईस्टरच्या आत हवी होती, स्वच्छ अक्षरात, पानाला वीस ओळी.

नावं कुणाकडे होती? कुणाकडेच नव्हती. मॉस्कोच्या दप्तरात त्या वेळच्या कारकुनांनी पाठवलेले अहवाल होते, आणि त्यांत आकडे होते. अमुक ठिकाणी सरदार अमुक, आणि त्याचे नोकर वीस. तमुक गावात एकोणचाळीस. त्याखाली एकच वाक्य: यांची नावं, हे देवा, तूच जाणतोस. पानंच्या पानं अशी. मी तीन आठवडे ते वाक्य लिहीत होतो आणि प्रत्येक वेळी मला त्याचा जास्त वीट येत होता. देव जाणतो तर मला कशाला विचारता?

हे अहवाल घेऊन मॉस्कोहून जो माणूस आला होता त्याचं नाव त्रेत्याक. वय तिशीचं, नाक कायम सर्दीने लाल, आणि आकड्यांवर असं प्रेम की आमच्या मठाधिपतींनी त्याला उपवासाचं सूप वाढलं तर त्याने वाडग्यातल्या कोबीच्या फोडी मोजल्या असत्या. मी केलेली पहिली प्रत त्याने परत केली, कारण एका पानाची बेरीज एकाने चुकली होती. चूक मॉस्कोची आहे हे मी त्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, असेल, पण मॉस्कोचा आकडा शिक्क्यानिशी आला आहे, तुमचा शिक्क्यानिशी गेलेला नाही.

अशात ही म्हातारी. कुणीतरी तिला सांगितलं की झार मेलेल्यांची नावं मागतो आहे. ती दोन दिवस चालत आली. चालत म्हणजे कशी, तर तिच्या डाव्या पायाला बोटंच नव्हती, थंडीने गळून गेलेली. मठाच्या दाराशी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहे तिथे तिने बस्तान मांडलं आणि रोज सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहू लागली. पहिल्या दिवशी मी तिला घालवण्यासाठी म्हणालो, बरं, सांगा. ती माझी चूक.

चौथ्या दिवशी दहावं घर आलं. मला हायसं वाटलं. पण दहाव्या घरी लग्न होतं, कुठल्यातरी जुन्या वर्षीचं, आणि ती त्या लग्नात शिरली. कोणी काय नेसलं होतं, दारू कशी पुरली नाही. माझ्या बोटांना पेटके आले होते, पोटात सकाळपासून काळ्या भाकरीच्या दोन तुकड्यांखेरीज काही नव्हतं, आणि त्रेत्याक दुपारी पान मागणार होता. माझा संयम सुटला.

“आजी, लग्न राहू द्या,” मी म्हणालो. “विहीर झाली, आता ओढ्यापलीकडचं घर, ते कोठारवालं. तिथे कोण राहायचं तेवढं सांगा.”

तिने डोळे उघडले. चार दिवसांत तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिने विहिरीचं नाव घेतलं नव्हतं. ओढ्याचंही नाही.

ती उठली, शाल डोक्यावरून घेतली आणि लंगडत निघून गेली. मी लेखणी हातात धरून तसाच बसलो. शाई सुकून गेली तरी मला कळलं नाही.

दुपारी त्रेत्याकला मी सांगितलं की सोस्नोव्काची नावं मिळताहेत, उद्यापर्यंत होतील. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं, कारण सबंध यादीत नावानिशी असं हे पहिलंच खेडं असतं. त्याने कागद चाळला. सोस्नोव्का, अठ्ठावीस. तुमच्याकडे किती आहेत? मी म्हणालो, ती बाई पहिल्या दिवसापासून सांगते आहे की सत्तावीस. मग नाही चालणार, तो म्हणाला. एकतर सगळी नावं लिहा, नाहीतर एकही लिहू नका. सत्तावीस नावं आणि खाली अठ्ठावीसचा आकडा, हे मॉस्कोत दाखवलं तर ते माझ्याच अंगाशी येईल. मी म्हणालो, सत्तावीस नावं लिहून ‘आणि एकाचं देव जाणतो’ असं लिहू. त्याने नाक पुसलं आणि विचारलं की तसं लिहायची पद्धत आहे का. नव्हती. मला त्याच्या डोक्यात दौत घालावीशी वाटली.

मठाधिपती वार्लाम तिथेच होते. माणूस वाईट नव्हता, पण झारच्या कारकिर्दीत जीव मुठीत धरून जगलेल्या माणसाचं असतं तसं त्यांचं होतं. सगळ्यांत सोपी वाट कुठली हे त्यांना आधी दिसायचं. ते म्हणाले, निफोंत, एवढा घोळ कशाला? बाकीच्या गावांसारखं लिहून टाक. अठ्ठावीस, नावं देव जाणतो. देवाला खरंच ठाऊक असतात. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. उद्या दुपारपर्यंत, त्रेत्याक म्हणाला.

त्या अठ्ठावीस आकड्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. जगात ते फक्त मलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती येईल याची मला खात्री नव्हती. ती आली. बाकावर बसली, पण डोळे मिटले नाहीत.

“तुम्ही आमच्या गावात कधी आला होता?” तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. लेखनिक म्हणून हिंडताना एकदा आलो होतो, असं म्हणता आलं असतं. पण चार दिवस मी त्या गावात रोज शिरत होतो, तिच्या मागे मागे, वेशीतून, आणि मला त्याचा थकवा आला होता.

“बाप्तिस्म्याच्या सणाला,” मी म्हणालो. “त्यांच्याबरोबर. मी स्वार नव्हतो. मोजणारा होतो.”

मग मी सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांचा होतो. प्रत्येक टोळीबरोबर एक कारकून असे, कारण झारला अहवाल लागायचा. सोस्नोव्कात पोचलो तेव्हा काम उरकत आलं होतं. घरं पेटली होती. माणसं विहिरीपासून ओढ्यापर्यंत पडली होती. शाई गोठली होती म्हणून मी एका काठीवर सुरीने खाचा पाडत चाललो. नावं विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला विचारायचीही नव्हती. मला शेकोटी हवी होती. ओढ्याच्या काठाशी एक बाई पालथी पडली होती, तोंड एका बाजूला. मी खाच पाडायला वाकलो आणि तिच्या पापणीवरचा बर्फाचा कण विरघळताना दिसला. मग पापणी हलली. तेवढ्यात टोळीच्या म्होरक्याने घोड्यावरून ओरडून विचारलं, किती?

“मी म्हणालो अठ्ठावीस,” मी तिला सांगितलं. “सत्तावीस मेलेले होते. अठ्ठाविसाव्या तुम्ही.”

माझ्या मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. तेरा वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो की त्या दिवशी मी एक जीव वाचवला. काळे स्वार मोडीत निघाल्यावर मठात आलो, कबुली कधी दिली नाही, पण मनातल्या मनात ही एक गोष्ट मी जपून ठेवली होती. ती आता काहीतरी म्हणेल, रडेल, कदाचित माझा हात धरेल, असं मला वाटलं होतं. इतका मूर्ख होतो मी.

“तुझ्या बुटांना लाल दोऱ्याची शिवण होती,” ती म्हणाली. अहो-जाहो गेलं होतं. “मला तेवढंच दिसत होतं. तेरा वर्षं मला वाटत होतं की तू मला बघितलंच नाहीस.”

“बघितलं.”

“मी जिवंत आहे हे कळलं तुला?”

“कळलं.”

“माझ्या अंगाखाली बाळ होतं,” ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. तिने ते सावकाश सांगितलं, मी लिहून घेतो आहे असं समजून. सुनेचं बाळ, तेरा दिवसांचं. सून दारातच पडली होती. उस्तिन्या बाळाला छातीशी धरून ओढ्याकडे पळाली आणि पाठीत घाव बसल्यावर त्याच्यावरच पडली. ते रडत नव्हतं. का रडत नव्हतं कुणास ठाऊक, तिच्या अंगाची ऊब असेल. मी वाकलो तेव्हा ते जिवंत होतं. आम्ही निघून गेलो तेव्हाही जिवंत होतं. तिला उठता येत नव्हतं, पाय बधिर झाले होते. अंधार पडेस्तोवर ते होतं.

“घोड्यावर तुझं कांबळं असेल,” ती म्हणाली.

होतं. मेंढीच्या लोकरीचं, जाड. मी म्हणालो की मी ते टाकलं असतं तर त्यांना संशय आला असता, ते परत आले असते.

“जाता जाता पडल्यासारखं टाकायचं होतंस.”

मला ते सुचलंच नाही. मी अठ्ठावीस म्हणालो ते दयेने म्हणालो, की थंडीत आणखी एक प्रकरण नको म्हणून म्हणालो, हेही मला खात्रीने सांगता येत नाही. आता या वयात तर मुळीच नाही.

मी विचारलं, त्याचं नाव तुम्ही यादीत का सांगितलं नाहीत? ती म्हणाली, त्याला नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता, शेजारच्या मोठ्या गावातल्या देवळात. सणाचं पवित्र पाणीसुद्धा सकाळी आणून ठेवलं होतं घरात, मडक्यात. बाप्तिस्मा न झालेल्याचं नाव मठात वाचत नाहीत हे तिला ठाऊक होतं. म्हणून सत्तावीस.

मी उठून खिडकीशी गेलो. बाहेर मठाचे लोक बर्फ ओढून रस्ता मोकळा करत होते. मी तिला विचारलं की त्या संध्याकाळी तिने बाळासाठी काही केलं होतं का. काहीही. पाणी लावलं होतं का.

“पाणी कुठलं? घर जळत होतं,” ती म्हणाली. “त्याचे ओठ सुकले होते. बर्फ हातात घेऊन विरघळवलं आणि लावलं. तोंडाला, कपाळाला. देवाचं नाव घेत होते. दुसरं काय करणार होते?”

“बर्फ म्हणजे पाणीच,” मी म्हणालो. “देवाचं नाव घेऊन लावलंत. पुरोहित जवळ नसेल आणि जीव जात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नियम आहे तसा. नाव काय ठेवणार होता?”

“सणाच्या दुसऱ्या दिवशी कुणाचं नाव असतं?”

मला माहीत होतं. बाप्तिस्म्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा देणाऱ्या संताचा, म्हणजे संत इवानचा दिवस असतो. त्या दिवशी देवळात नेलेल्या मुलाचं नाव इवान.

उरलेल्या घरांची नावं तिच्याकडून लिहून घेऊन दुपारी मी वार्लाम आणि त्रेत्याक यांच्यासमोर सोस्नोव्काचं पान ठेवलं. अठ्ठावीस नावं, शेवटचं ‘शिशु इवान’. त्रेत्याकने बोटाने मोजली, दोनदा. बेरीज जुळली म्हणून त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. शेवटच्या नावावर त्याचं बोट थांबलं होतं. वार्लामनीही ते वाचलं आणि ते पांढरेफटक पडले. बापाच्या हातून मेलेल्या युवराज इवानला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. झारने त्या मुलासाठी मठामठांत अन्नदानं मांडली होती. आणि आम्ही त्याच झारला, त्याने मारवलेल्यांच्या यादीत, ‘शिशु इवान’ असं लिहून पाठवणार होतो. वार्लाम म्हणाले, कुणी तिथे याचा भलताच अर्थ काढला तर मठाच्या भिंतीसुद्धा उभ्या राहणार नाहीत. दुसरं नाव लिही. ते मूल काही तक्रार करायला येणार नाही.

त्रेत्याकला वेगळीच काळजी होती. इवान नावाचे सरदार यादीत कितीतरी आहेत, तो म्हणाला, नावाचं काही नाही, पण अहवालात मुलाचा उल्लेख नाही. अठ्ठावीस माणसं म्हटलंय. त्यात तेरा दिवसांचं मूल होतं हे कशावरून? ती बाई सांगते म्हणून? बाई काय, आकडा जुळवायला काहीही सांगेल. प्रत्यक्ष बघणारा कोण आहे?

मी महिनाभर या माणसाचा राग राग करत होतो, आणि आता त्याने अगदी नेमका प्रश्न विचारला होता. वार्लाम माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होते, सोड, देव जाणतो असं लिही, जेवायला चल. मला आठवतं, त्या क्षणी मला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. मला त्या दोघांचा, त्या पानांचा, त्या एका वाक्याचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा भयंकर कंटाळा आला होता.

“मी बघितलंय,” मी म्हणालो. “तो अहवाल माझाच आहे. खाली नाव असेल बघा, झदान, कारकून. मठात यायच्या आधीचं माझं नाव. मी मोजले. अठ्ठाविसावं ते मूल होतं.”

ते मूल मी पाहिलं नव्हतं. म्हणजे मी दोन भल्या माणसांसमोर खोटी साक्ष दिली, आणि त्या साक्षीतला आकडा खरा होता. यावर मी तीस वर्षं विचार केला आहे. पाप कुठलं आणि नाही कुठलं हे मला वेगळं करता आलेलं नाही.

वार्लाम खाली बसले. त्रेत्याकने कागद उलटवला, मूळ अहवालाची तळाची ओळ शोधली आणि कितीतरी वेळ वाचत राहिला. काळ्या स्वारांचं नाव घेणाऱ्याला चाबूक होता, आणि मी तर त्यांच्यातला एक होतो म्हणून सांगत होतो. तो एका शब्दाने मला मॉस्कोला नेऊ शकत होता. त्याने नाक पुसलं. मग लेखणी मागून घेतली आणि पानाच्या कडेला लहानशी खूण केली.

“आकडा जुळला,” तो म्हणाला. “माझं काम एवढंच आहे.” आणि मी दाराकडे वळल्यावर मागून, तोंडातल्या तोंडात म्हणाला, “माझा भाऊ त्वेर शहरात होता. तिथला नुसता आकडाच आहे.”

वार्लामनी ते नाव तसंच राहू दिलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी मात्र त्यांनी शिक्षा ठरवली: तीन वर्षं देवळाच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, प्रार्थना बाहेर उभं राहून ऐकायची. मी तक्रार केली नाही. त्या तीन वर्षांतलं पहिलं वर्ष सरायच्या आत झार मेला. बुद्धिबळाचा पट मांडता मांडता मेला म्हणतात. मॉस्कोत पुन्हा कुणीतरी गादीसाठी भांडायला लागलं, आणि आमच्याकडे प्रार्थनेसाठी आणखी एक नाव आलं.

पण ते पुढचं. यादी पहिल्यांदा वाचली गेली ती त्याच उन्हाळ्यात, पितरांच्या शनिवारी. मी देवळाच्या पायऱ्यांवर उभा होतो. उस्तिन्या त्या दिवसासाठी धर्मशाळेतच राहिली होती. माझ्याशी ती त्यानंतर एकदाही बोलली नव्हती. ती माझ्या अंगावरून आत गेली आणि पुढे जाऊन उभी राहिली, वाचणाऱ्याच्या अगदी जवळ.

वाचणारा नवशिका संन्यासी होता, आवाज पातळ. मी जीव कानात आणून ऐकत होतो. पानंच्या पानं आकडे गेले, देव जाणतो, देव जाणतो. मग तो सोस्नोव्काला पोचला. प्रोखोर, मावरा, सीला, नेझदान, दोघी बहिणी. तो गावातून चालला होता आणि मी त्याच्यामागे. विहीर, ओढा. शेवटचं नाव घेताना तो जरा अडखळला, मागे वळून वार्लामकडे बघितलं असणार, आणि मग त्याने ते नाव घेतलं.

प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर आले. ती सगळ्यांत शेवटी आली, एकेक पायरी उतरत, हाताने भिंत धरून. मी आधार द्यायला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. दोन पायऱ्या खाली गेली आणि पाठमोरीच थांबली.

“बाहेर ऐकू आलं का?” तिने विचारलं.

“आलं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, शाल डोक्यावर ओढली आणि ती धर्मशाळेकडे चालायला लागली.